आमसूल, आगळ आणि कोकम तेल: घरगुती औषध म्हणून वापरताना नेहमी पडणारे प्रश्न

रातांबा, कोकम, आमसूल, आगळ यांतलं औषधाला नेमकं काय वापरायचं?

झाड एकच, पश्चिम घाटाच्या उतारावर आणि कोकण-गोव्यात वाढणारं. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. त्याचं ताजं, पिकलेलं लाल फळ म्हणजे रातांबा; गोव्याकडे भिरंड. फळ फोडून बिया-गर काढला, साल उन्हात वाळवली, त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात परत भिजवली, परत वाळवली, अशी पुटं देत देत काळपट झालेली साल म्हणजे आमसूल. मुंबईत त्यालाच कोकम म्हणतात. गर-सालीचा मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ आणि साखरेत मुरवलेला पाक म्हणजे अमृत कोकम. बियांतून निघतं ते कोकम तेल, म्हणजेच मुठेल किंवा भिरंडेल. नाव तेलाचं असलं तरी ते मेणासारखं घट्ट असतं.

पोटाच्या आणि पित्ताच्या तक्रारींसाठी आमसूल, त्वचेसाठी कोकम तेल. आगळ आणि अमृत कोकम ही पेयं आहेत. त्यांच्याकडे औषध म्हणून बघायला लागलं की मीठ आणि साखर किती पोटात गेली याचा हिशेब राहत नाही.

अंगावर पित्त उठलं तर आमसूल कसं वापरायचं?

गांधी उठणं, खाज, लाल चट्टे यांसाठी आमसुलाचा वापर दोन्हीकडून होतो: पोटात आणि वरून.

पोटात घेण्यासाठी ४-५ आमसुलं आधी नळाखाली चोळून धुवायची, म्हणजे वरचं मीठ निघतं. मग एक कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची. थंड पाणी असेल तर दीड-दोन तास लागतात. हाताने कुस्करून गाळायचं, चिमूटभर जिरेपूड आणि हवी तर थोडी साखर घालायची. एका वेळी अर्धा कप, दिवसातून दोनदा पुरे. उकळू नये, उकळल्याने रंग तपकिरी होतो आणि तुरटपणा वाढतो.

वरून लावायचं पाणी वेगळं करा. बिनमिठाची आमसुलं मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन पाण्यांनी धुतलेली घ्या. ७-८ आमसुलं वाटीभर पाण्यात भिजवून कुस्करून तो कोळ गांधींवर हलक्या हाताने लावायचा, १५-२० मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचा. जुना टॉवेल अंगाखाली घ्या, डाग निघत नाहीत.

चूक होते ती इथे: खाजवून खाजवून त्वचा सोलली आहे आणि त्यावर खारट आमसुलाचा कोळ लावला जातो. आम्ल आणि मीठ दोन्ही झोंबतात, आग वाढते, आणि मग “पित्त अजून भडकलं” असं वाटतं. सोललेल्या जागेवर फक्त गार पाण्याची घडी ठेवा.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. गांधीचा एकेक चट्टा बहुतेक वेळा २४ तासांच्या आत आपोआप विरतो. त्यामुळे गुण आमसुलाचा किती आणि वेळेचा किती, हे घरात बसून ठरवता येत नाही. गारव्याने आणि खाज थांबल्याने आराम वाटतो, तेवढा नक्की. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची गोळी दिली असेल तर ती बंद करून नुसत्या आमसुलावर बसू नका. गांधी सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ येत-जात असतील तर तपासणी करून घ्या.

ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, घशात आवळल्यासारखं, श्वासाला त्रास, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर आमसूल भिजवत बसायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

बांगडा खाल्ला की घरात सगळ्यांच्याच अंगावर पित्त उठतं. आमटीत आमसूल जास्त घातलं तर चालेल?

नाही. सगळ्यांना एकदम झालं असेल तर ती अ‍ॅलर्जी नसून मासा उतरलेला असण्याची शक्यता जास्त. बांगडा, सुरमई, कुपा ही मंडळी पकडल्यावर नीट बर्फात राहिली नाहीत तर त्यांच्या मांसात जीवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. गांधी उठवणारं द्रव्य तेच. शिजवल्याने, तळल्याने, गोठवल्याने ते नष्ट होत नाही. आमसुलाच्या आंबटपणानेही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, गांधी, कधी जुलाब असा त्रास सुरू होतो आणि सहसा दिवसभरात ओसरतो.

तोंडात मासा तिखट, मिरीसारखा चुरचुरला तर तो घास टाका. बाजारात दुपारी उन्हात बर्फाविना मांडलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कल्ले लालभडक आणि डोळे फुगीर असलेला घ्या, घरी येईपर्यंत बर्फाची पिशवी सोबत ठेवा, लोकलमध्ये तासभर जाणार असाल तर नक्कीच. माशाच्या कालवणात आमसूल घालतात ते चवीसाठी आणि वास मारण्यासाठी, आणि तिथेच धोका आहे: उतरलेल्या माशाचा वासही ते काही अंशी झाकतं.

छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात. त्यावर कोकम घेऊ का?

“पित्त झालं” म्हणून आपण तीन निरनिराळ्या तक्रारी सांगतो: अंगावरच्या गांधी, उन्हाने-जागरणाने डोकं दुखून होणारी उलटी आणि जेवणानंतरची छातीतली जळजळ. पहिल्या दोन्हींत आमसुलाचं पातळ पाणी बऱ्याच जणांना बरं वाटतं. तिसरीत मात्र जपून. कोकम स्वतः चांगलंच आंबट आहे, आणि जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येत असेल तर वरून आणखी आंबट प्यायल्याने जळजळ वाढू शकते, विशेषतः रिकाम्या पोटी किंवा रात्री झोपण्याआधी.

घ्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, दोन आमसुलांचं पेलाभर पातळ पाणी, बिनमिरचीचं. दोन-तीनदा घेऊन जळजळ वाढते असं दिसलं तर आपल्याला ते मानवत नाही एवढं समजून सोडून द्या. काळी शी, गिळताना अडकणं, वजन उतरणं ही लक्षणं घरगुती उपाय करत बसण्याची नाहीत.

उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रोज कोकम सरबत प्यायलं तर?

प्या, पण कशापासून केलंय ते बघून. आगळात टिकण्यासाठी साधारण १५ टक्के मीठ असतं. एका पेल्याला तीन चहाचे चमचे, म्हणजे १५ मिलिलिटर आगळ घातलं की सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय. म्हणजे दोन पेल्यांत दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. पापड, लोणचं, वडापाव अजून बाकीच आहेत. त्यात वर चवीला पुन्हा मीठ घालणारेही असतात. आगळ घातल्यावर आधी चाखा, मीठ बहुधा लागतच नाही.

अमृत कोकमाची गोष्ट उलटी. त्यात सालीच्या दुप्पट साखर असते, म्हणजे किलोभर सालीला दोन किलो. पेल्याला दोन मोठे चमचे पाक घातला तरी चार चमचे साखर गेलीच.

रोजच्यासाठी सगळ्यात बरं आमसुलाचं पाणी: रात्री ५-६ धुतलेली आमसुलं दोन पेले पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी गाळायची, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ. दिवसभर डबेवाल्यासारखं उन्हात फिरणाऱ्याला घाम जातो, त्याला थोडं मीठ हवंच. एसी ऑफिसात बसणाऱ्याला नको.

अपचन, तोंडाला चव नसणं यावर सोलकढी की सार?

तापातून उठल्यावर अन्नावर वासना नसते तेव्हा सार. चार जणांसाठी ८-१० आमसुलं दोन कप गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून कुस्करायची, गाळून आणखी दोन कप पाणी घालायचं. चमचाभर तुपात जिरं आणि हिंगाची फोडणी, लिंबाएवढा गूळ, मीठ. वाफ यायला लागली की गॅस बंद. आजाऱ्यासाठी मिरची वगळा. मऊ भातावर ओतून दिलं की चार घास जास्त जातात, आणि इथे औषध म्हणून अपेक्षित तेवढंच आहे.

पोट जड झालं असेल तर तिवळ: चार आमसुलांचं पाणी, चुरडलेली कोथिंबीर, हिंग, मीठ, फोडणी नाही, नारळ नाही.

सोलकढीला पाचक म्हणतात खरं, पण तिच्यात नारळाचं दाट दूध असतं, म्हणजे भरपूर स्निग्धता. मटण-माशाच्या जेवणानंतर वाटीभर मस्त लागते, तोंड स्वच्छ होतं. पोट आधीच बिघडलेलं असताना तीन वाट्या सोलकढी रिचवणं हा उपाय नव्हे. शिवाय नारळाचं दूध मुंबईच्या हवेत फार तर तीन-चार तास टिकतं. सकाळी केलेली सोलकढी बाहेर राहून रात्री प्यायली तर त्यानेच जुलाब होतील आणि दोष कोकमाला लागेल.

गाडी लागते त्यावर?

घाटातून जाताना आमसुलाचा छोटा तुकडा धुऊन गालात धरतात. लाळ सुटते, मळमळ बसते. लहान मुलांना तुकडा देऊ नका, घशात अडकतो.

जुलाब आणि आमांशावर कोकमाचे उपाय सांगतात, ते खरे का?

जुने उपाय दोन. एक, गरम मऊ भातावर वितळवलेलं कोकम तेल घालून खायचं. दुसरा, झाडाची कोवळी पानं केळीच्या पानात बांधून गरम राखेत भाजायची, वाटायची आणि थंड दुधातून द्यायची. पानं-साल तुरट आहेत, त्यामुळे ही पद्धत का पडली ते कळतं. आज मुंबईत ती वापरण्याचं कारण नाही. जुलाबात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार कमी झाल्याने. त्यावर ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट देणं हाच पहिला उपाय. कोकम सरबत ओआरएसच्या जागी चालत नाही: गोड सरबताने जुलाब वाढू शकतात आणि आगळात मिठाचं प्रमाण भलतंच. शौचातून रक्त, ताप किंवा लघवी कमी होणं दिसलं तर डॉक्टर.

टाचांच्या भेगांना कोकम तेल कसं लावायचं?

कोकमाच्या सगळ्या उपयोगांत हा सगळ्यात भरवशाचा. कारण साधं आहे. ही चरबी साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेला जेमतेम मऊ होते. खोबरेल तेल लावल्यावर चादरीला पुसलं जातं. हे भेगेत घट्ट बसून राहतं आणि आतला ओलावा उडू देत नाही.

रात्री कोमट पाण्यात १० मिनिटं पाय बुडवा. मऊ झालेली मेलेली कातडी वजरीने हलकेच घासा. ब्लेडने किंवा कात्रीने कापू नका, भेगा खोल जातात त्या यामुळेच. पाय पूर्ण कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसकट. मग सुरीने कोकम तेलाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खरवडून छोट्या वाटीत घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट गॅसवर चमच्यात वितळवणारे पुष्कळ आहेत, पण तेल क्षणात तापतं आणि चटका बसतो. वितळलेलं तेल मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट वाटलं पाहिजे. भेगांमध्ये थेंब थेंब सोडा. एक-दोन मिनिटांत ते पांढरं होऊन गोठताना दिसतं. वर सुती मोजे घालून झोपा.

रोज केलं तर साधारण आठवडा-दीड आठवड्यात टाच मऊ पडते. रक्त येणाऱ्या, पू झालेल्या भेगेत भरू नका. मधुमेह असणाऱ्यांनी पायाला उष्णता नीट कळत नसेल तर वितळवलेलं तेल न लावता तुकडा तळहातांमध्ये चोळून मऊ करून लावावा, आणि पायाला जखम असेल तर काहीच न लावता दाखवून घ्यावं.

पावसाळ्यात बोटांत चिखल्या होतात, त्यावरही हेच?

नको. चिखल्या या ओलाव्याने आणि बुरशीने होतात. त्यावर चरबीचा थर दिला की ओल आतच कोंडते. तिथे पाय कोरडे ठेवणं आणि बुरशीनाशक मलम किंवा पावडर हाच इलाज.

आणखी एक मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखं: हिंदमाता असो की मिलन सबवे, साचलेल्या पाण्यातून भेगाळलेल्या किंवा जखमी पायाने चालावं लागलं तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जीवाणूंच्या आजाराचा) धोका असतो. कोकम तेल लावून गेल्याने संरक्षण मिळत नाही. पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या दवाखान्यात विचारून प्रतिबंधक गोळी घ्या.

भाजल्यावर कोकम तेल लावतात ना?

ताज्या भाजलेल्यावर कोणतंही तेल-तूप लावायचं नाही, उष्णता आत कोंडते. २० मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. जखम पूर्ण भरून नवी कातडी आली आणि ती कोरडी खेचली जात असेल, तेव्हा कोकम तेल चालतं. ओठ फुटणं, बर्फात हात घालून कोरडे पडलेले हात यांनाही.

खरं कोकम तेल कुठे मिळतं, कसं ओळखायचं?

दादर, गिरगाव, लालबाग इथल्या कोकणी मालाच्या दुकानांत आणि काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे. घरगुती तेल बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेली चरबी काढून करतात. मुठीत दाबून वळलेले गोळे असतात, रंग पिवळट-करडा, वास बियांचा. मशीनवर शुद्ध केलेलं पांढरं आणि बिनवासाचं असतं, दोन्ही चालतात.

गोळा कडक आणि ठिसूळ असतो, सुरी लावली की भुगा पडतो. बोटाला लागताच पाघळला तर त्यात दुसरं मऊ तेल किंवा वनस्पती तूप मिसळलेलं असू शकतं. खवट वास आला तर जुना माल. घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी वर्षभर टिकतं.

आमसुलं कशी निवडायची आणि पावसाळ्यात कशी ठेवायची?

मे अखेरीस गावाहून येणारी नवी आमसुलं घ्या. दाबल्यावर लवचीक, जांभळट-काळी, चाखल्यावर आधी खारट मग आंबट. कडक, तपकिरी आणि नुसती खारट असतील तर जुनी. पाऊस लवकर आला की शेवटच्या तोडीची फळं नीट वाळत नाहीत, असा माल ओलसर राहतो आणि जुलैतच बुरसतो.

वर पांढरं दिसलं की लोक घाबरून फेकतात. थांबा. दाणेदार, चकाकणारं आणि पाण्यात टाकताच विरघळणारं असेल तर ते मीठ आहे. कापसासारखं, हिरवट-राखाडी आणि कुबट वासाचं असेल तर बुरशी. मग उन्हात टाकून, धुऊन वाचवायचा प्रयत्न न करता ती सगळी आमसुलं टाकून द्या.

काचेची किंवा चिनी मातीची बरणी, कोरडा चमचा, ओट्यापासून दूर. अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि बिनकल्हईचं पितळ यांत आमसूल, आगळ, सार काहीच ठेवू नका. आम्लाने धातू उतरतो.

बाटलीतल्या सरबताचा रंग खरा आहे का, घरी कळेल का?

बऱ्याच अंशी. चमचाभर सरबत अर्धा पेला पाण्यात घालून खायचा सोडा चिमटीचिमटीने टाका, फसफसणं थांबेपर्यंत. कोकमाचा नैसर्गिक रंग लालवरून जांभळट, मग निळसर-करडा होतो. गुलाबी तसाच राहिला तर रंग कृत्रिम असावा, नाहीतर बीटाचा. सोलकढी गुलाबीगर्द दिसावी म्हणून बीट घालतात, ते अपायकारक नाही, पण मग पैसे कोकमाचे का द्यायचे?

वजन कमी करायला कोकमाच्या गोळ्या घ्याव्या का?

नाही. या गोळ्या बहुधा गार्सिनिया कॅम्बोजियाच्या असतात. ते कोकमाचं भावंड, केरळी लोकांची कुडमपुळी, माटुंग्याच्या दुकानांत धुरी दिलेली काळी साल मिळते ती. दोन्हींत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे आणि जाहिरात त्याचीच. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे घेतलेल्या चाचणीत त्या अर्काने खोट्या गोळीपेक्षा जास्त वजन उतरलं नाही. उलट अशा अर्कांच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कालवणातली चार आमसुलं आणि एकवटलेला अर्क यांची बरोबरी करू नका.

आयुर्वेदात कोकम आहे का? हृदयाच्या ब्लॉकेजवर चालतं असे मेसेज येतात.

वृक्षाम्ल या नावाने ओळखलं जातं. चरकसंहितेतल्या दहा हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर मानलेल्या, द्रव्यांत वृक्षाम्ल आहे, तसेच आंबा, करवंद, बोर, डाळिंब आणि महाळुंगही आहेत. आंबट फळांच्या त्या यादीवरून रक्तवाहिनीतला अडथळा विरघळतो असा अर्थ काढणं चूक. छातीत कळ आली तर कोकम नाही, रुग्णालय.

कोणी जपून घ्यावं?

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आगळ टाळावं, धुतलेली आमसुलं स्वयंपाकात चालतात. मधुमेहींनी अमृत कोकम टाळावं. एक वर्षाखालच्या बाळाला खारवलेलं काही देऊ नये. गरोदरपणी जेवणातलं कोकम ठीक, अर्क-गोळ्या नकोत. दात शिवशिवत असतील तर सरबत तोंडात घोळवू नका, प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका.

सोसायटीच्या आवारात झाड लावता येईल?

कोपऱ्यात जागा असेल तर हो. गच्चीतल्या कुंडीत फळांची आशा धरू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून वाढवलेल्यांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला ७-८ वर्षं जातात. म्हणून मादी झाडाचं कलम घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती आहेत. जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, पाणी न साचणाऱ्या जागी लावा आणि पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली व पाणी द्या. वाढ संथ असते. कोवळी पालवी तांबडी येते, ती रोग समजून माळी छाटून टाकतो. त्याला आधीच सांगून ठेवा.